मृदंगाची जागा

"डिक्कीत नोको रे प्रफुल! मृदंग का पोतं हाय, डिक्कीत टाकाले?"

गुणवंतरावांचा आवाज चढला, तसा त्यांच्या लेकाचा हात जागीच थांबला. सावली गावच्या या भजनी मंडळाची रीतच होती: मृदंग ना पायाशी, ना सामानात; वाजवणाऱ्याच्या मांडीवर बसूनच तो जायचा. आणि वाजवणारे रामाजी तर दिवाळीआधीच देवाघरी गेले होते.

"मंग ठेवू कुठी, बाबा? हे का तुमची ॲम्बेसेडर हाय?"

ॲम्बेसेडर टिनाच्या शेडखाली उभी होती, चाकं मातीत रुतलेली. तिच्या कागदपत्रांची मुदत संपली तेव्हापासून ती तिथून हललीच नव्हती. तिच्यात माणसं किती मावत, हे कधी कुणी विचारलं नाही. "सरका जी, आनखी एक येते," असं गुणवंतराव म्हणायचे, आणि तो एक यायचाच. व्याहाड गाव येईस्तोवर अभंग असा रंगे, की हॉर्नची गरज नसे. टाळ ऐकूनच गुरं बाजूला होत. पुढे रामाजी. गिअर टाकताना गुणवंतरावांचं कोपर मृदंगाला लागलं, की रामाजी दरवेळी म्हणत, "भाऊ, तू गाडी चालव. मृदंग मी वाजवतो."

म्हणून तर या नव्या, इवल्याशा गाडीवर गुणवंतराव रुसले होते. "या डबीत मंडळ मावन का? मंडळ मोडलं म्हना," असं सांगून त्यांनी आलेली आमंत्रणं परत धाडली होती. पण आज वैनगंगेपलीकडच्या सप्ताहात काल्याचं कीर्तन! त्याला नाही म्हणायला त्यांची जीभ रेटली नाही.

धनराज पेटी घेऊन आला, लहानू टाळ घेऊन. दोघं मागे बसले, मधे पेटी. गुणवंतराव दार धरून रस्त्याकडे पाहत राहिले.

"कोनाची वाट पाहून राह्यला, भाऊ?" लहानूने हळूच विचारलं. "आपनच आहो आता."

तेवढ्यात समोरच्या घरातून रामाजींच्या भागीरथाबाई आल्या. हातात ओल्या फडक्यात कणकेचा गोळा, मृदंगाच्या डाव्या तोंडाच्या पुडीला लावायचा. धन्यासाठी जन्मभर मळला, तसाच आजही मळलेला.

"तिथला बुवा वाजवन म्हनता ना? त्याले सांगा, कनिक पातळ नाई केली." मग त्यांनी गाडीत डोकावून पाहिलं. "मावले का जी सारे?"

"मावलो, बाई." गुणवंतरावांनी मान खाली घातली. "जागा उरली."

त्यांनी मृदंग उचलला, चालकाशेजारच्या सीटवर बसवला आणि स्वतः स्टिअरिंगवर बसले. गाडी सुरू होताच टुंग टुंग वाजू लागलं.

"बाबा, गाडीले वाटते, मानूस बसलं हाय," प्रफुल बाहेरून खिडकीत वाकून म्हणाला. "मृदंग मागं द्या."

"बराबर वाटते तिले."

गुणवंतरावांनी वाकून पट्टा ओढला, पुडीवर दाब येणार नाही असा मृदंगाभोवती घेतला आणि अडकवला. आवाज थांबला.

भागीरथाबाई वळसा घालून डाव्या, मृदंगाच्या खिडकीशी आल्या. पदर सारखा केला.

"सांभाळून जाजा जी," त्या म्हणाल्या.