सहावरची खूण

डोळे मिटू नका, उघडे ठेवूनच माझ्याबरोबर बघा. अमेरिकेतल्या आमच्या वायोमिंगमधला एक सरळसोट रस्ता आहे. त्यावर आजोबांची पिकअप आहे आणि तिच्यामागे दोन घोडे चढवलेला ट्रेलर. तुम्ही अकरा वर्षांच्या विलाच्या जागी आहात आणि नेहमीची पुढची जागा सोडून आज मागे बसला आहात. कसं वाटतंय?

विलाला ते अजिबात सोसत नव्हतं.

ट्रेलरच्या चाकांना स्वतःचे विजेचे ब्रेक असतात. ते किती जोरात लागावेत, हे आजोबांच्या गुडघ्याजवळच्या एका छोट्या डबीवर ठरतं. तिच्यावर आकड्यांची फिरती चकती आहे आणि खाली एक दांडी; ती दाबली की फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात आणि जोर तपासता येतो. जोर कमी पडला की ट्रेलर गाडीला मागून ढकलतो, जास्त झाला की चाकं जाम होतात आणि घोडे धडपडतात. रिकाम्या ट्रेलरवर लावलेला आकडा घोडे चढल्यावर उपयोगाचा नाही, म्हणून जत्रेला निघताना दरवर्षी तो नव्याने लावायचा. आजोबांना जवळचं दिसत नाही. त्यामुळे दांडी दाबणं आणि आकडा वाचणं हे दोन वर्षं विलाचं काम होतं.

या वर्षी तिची आतेबहीण टॅन्सी शहरातून आली होती. आजोबांनी तिलाच पुढे बसवलं.

"पंचवीसचा वेग झाला. दाब!"

टॅन्सीने दांडी दाबली. ट्रेलर मागून ओढ घेऊन मंदावला. चाकं घासली नाहीत.

"कितीवर आहे गं?"

"सहावर, आजोबा."

"पहिल्याच खेपेला! विलाबाईंनी पहिल्या वर्षी घोड्यांना जवळजवळ लोटांगण घालायला लावलं होतं." आजोबा हसले. टॅन्सीही हसली. विलाने खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

दाण्याच्या दुकानाशी गाडी थांबली. "विला, घोड्यांकडे लक्ष ठेव," म्हणत आजोबा टॅन्सीला घेऊन आत गेले. टॅन्सीचा हात त्यांच्या हातात होता. विलाने तो हात दाराआड जाईपर्यंत पाहिला. मग ती दोन सीटांमधून पुढे वाकली आणि चकती सहावरून दोनवर फिरवली.

पुढच्या चौकात आजोबांनी ब्रेक लावला. ट्रेलरने मागून दणका दिला. मागे विलाची लाडकी घोडी बिस्किट खुरं आपटत खिंकाळली.

आजोबांनी गाडी कडेला घेतली. "टॅन्सी, नीट बघून सांग, किती आहे?"

"दोन... पण मी सहा वाचलं होतं, आजोबा. खरंच."

"अगं, होतं असं. पण पुढे घाटाचा उतार आहे, तिथे असं चालणार नाही. तू जरा मागे बस. विला, ये बाळ पुढे."

विलाला हेच तर हवं होतं. ती पुढे येऊन बसली. सीट अजून टॅन्सीच्या अंगाने उबदार होती. आरशात टॅन्सी दिसत होती. ती रडत नव्हती. बोटं डोळ्यांसमोर जवळ, मग लांब धरून बघत होती. आपल्यालाच नीट दिसत नाही, असं तिला वाटत होतं.

"हं, सहावर लाव आणि परत करून बघू," आजोबा म्हणाले. "तू असलीस की मला घोर नाही."

बिस्किटने ट्रेलरच्या फळीवर पुन्हा एक लाथ मारली.

विलाने चकती सहाच्या खुणेवर आणली. दांडीला मात्र तिने हात लावला नाही.

"आजोबा, टॅन्सीने बरोबर वाचलं होतं," ती म्हणाली. "दुकानापाशी मी फिरवली."

आजोबा काही बोलायच्या आतच ती दार उघडून खाली उतरली, मागचं दार उघडलं आणि टॅन्सी बाहेर येईपर्यंत ते धरून उभी राहिली.