साडूंची वेल

चष्मेवाल्यांना कुणाला नाही म्हणता येत नसे. दुकानात ते खपून जाई. एखाद्या गिऱ्हाइकाने सगळं कपाट खाली काढायला लावून शेवटी जुन्याच फ्रेमचा स्क्रू आवळून घेतला, तरी ते हसून 'या पुन्हा' म्हणत, आणि तो माणूस खरंच पुन्हा येई. घरी मात्र याच स्वभावाने त्यांच्या वाफ्याचा घास घेतला.

वाफा स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून कुंपणाच्या भिंतीपर्यंत गेलेला होता. सकाळी थोडा वेळ तिरपं ऊन, मग दिवसभर सावली. फुलझाडं तिथे रुसत. चष्मेवाल्यांना फुलांचं तसंही फार कौतुक नव्हतं. "फूल पाहुण्यासारखं, आलं आणि गेलं. पान घरच्या माणसासारखं, रोज समोर," असं ते म्हणत. म्हणून त्यांनी तिथे पानांची झाडं लावली होती. ऊन पोचायचं त्या टोकाला क्रोटन, पुढे मखमली पानांचे कोलियस आणि मधोमध त्यांचा जीव की प्राण, कॅलेडियम. कॅलेडियमचे कंद थंडीत जमिनीखाली झोपी जातात आणि उबारा आला की सुरळीसारखं गुंडाळलेलं पान वर काढतात. एक जात पांढऱ्या पानाची, हिरव्या शिरांची. दुसरी गुलाबी, कुणी रंगाचा ब्रश झटकावा तशी ठिपक्यांची. दुकान बंद असे त्या दिवशी चष्मेवाले भिंगं पुसायचं मऊ फडकं घेऊन एकेक पान पुसत बसत. बायको म्हणे, "आता त्यांनाही नंबर काढून द्या."

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. आयुष्यभर शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्याला गाडी चालवायला लावलेला माणूस तो. पंगतीला बसले तरी शेजारच्याला आधी काय खावं आणि मग काय, हे सांगायचे. चष्मेवाले या घरात राहायला आले, तेव्हा साडू ओल्या कागदात गुंडाळलेली वेलीची एक काडी घेऊन आले आणि कुणी काही म्हणायच्या आत ती अंगठ्याने वाफ्याच्या कोपऱ्यात दाबून मोकळे झाले.

"पाणी नको, खत नको, लाड नकोत. नुसती हिरवीगार चादर होईल बघा. वर पिवळी फुलं."

यातलं काहीच खोटं नव्हतं. पहिल्या वर्षी कोपरा भरला तेव्हा चष्मेवाल्यांनाही बरं वाटलं. दुसऱ्या वर्षी वेल कोलियसच्या पायाशी आली. जमिनीवरून सरपटायची, आणि जिथे पेर टेकेल तिथे मुळं सोडून घर करायची. बोट दिलं की मनगट धरायची जात. कोलियस आधी गेले. मग क्रोटनच्या खालच्या फांद्या उघड्या पडल्या. चष्मेवाले बायकोची शिवणाची कात्री घेऊन कडेकडेने वेल कापत आणि तुकडे पालापाचोळ्याच्या ढिगावर टाकत. थोड्या दिवसांत तो ढीगही हिरवा झाला आणि त्यावर पिवळी फुलं आली.

दर फोनवर साडू पहिला प्रश्न विचारायचे, "काय म्हणतेय आमची वेल?"

"मजेत आहे," चष्मेवाले सांगायचे.

"एकदा सरळ सांगून टाका ना त्यांना," बायको म्हणायची.

"तू सांग. तुझ्या बहिणीचे यजमान."

"आणि तुमचे साडू. अवघड जागी दुखणं आणि साडू माळी, असं झालंय तुमचं." मग ती हळूच म्हणायची, "भीड ही भिकेची बहीण असते. तुमच्याकडे ती कायमची राहायलाच आलीय."

त्या वर्षी थंडी संपली, हवा गरम झाली, आणि कॅलेडियम वर आलेच नाहीत. चष्मेवाले रोज सकाळी चहाचा कप घेऊन वाफ्याशी उभे राहत. वेलीची गादी पायाच्या घोट्यापर्यंत आली होती, आणि तिच्यातून दुसरं काहीच डोकं काढत नव्हतं.

अशात साडूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. चांगलं हॉस्पिटल चष्मेवाल्यांच्या घरापासून चार पावलांवर होतं, त्यामुळे ऑपरेशननंतर जिना नसलेल्या याच घरात त्यांनी राहायचं, हे दोघी बहिणींनी फोनवर परस्पर ठरवून टाकलं. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता, आणि चष्मेवाल्यांना तसं म्हणायचंही नव्हतं. माणूस म्हणून साडू त्यांना आवडत. कटकट होती ती वेलीची.

साडू घरी आले, वॉकर धरून, ओठ दाबून; मागून सामान घेऊन मेव्हणी. मागच्या दारात त्यांच्यासाठी उंच बैठकीची खुर्ची टाकली. तिथून त्यांना वाफा दिसला आणि आल्यापासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला.

"वा. याला म्हणतात वाढ. कोण काय लावतं आणि कोणाचं काय होतं. आपण लावलं ते टिकलं."

व्यायाम करून घ्यायला बाई येत, त्यांना त्यांनी वेल दाखवली. दूधवाल्याला दाखवली. त्याला हवी असेल तर काडी न्यायलाही सांगितलं. चष्मेवाल्यांनी घाईघाईने त्याला दरवाजापर्यंत पोचवून दिलं.

एका सकाळी दुकानात निघण्याआधी चष्मेवाल्यांना वेलीच्या गादीत एक फुगवटा दिसला. त्यांनी वाकून दोन्ही हातांनी वेल वर उचलली. खाली अंधारात कॅलेडियमची एक सुरळी होती, पांढरीफटक. वर जायला वाट नाही म्हणून ती आडवी वळून जमिनीलगत वाढली होती आणि टोकाशी कुजायला लागली होती. त्यांनी बोटाने ती सरळ करून पाहिली. ती मोडली.

"अहो, जपून," खुर्चीतून साडू म्हणाले, "वेल तुटेल."

"तुटू द्या," चष्मेवाले म्हणाले.

स्वतःचाच आवाज ऐकून ते थबकले. पण तोंडातून निघालेला शब्द काही परत घेता येत नाही. शिवाय तो परत घ्यावासाही त्यांना वाटेना.

"साडूभाऊ, ही वेल मला नको आहे. केव्हापासून नको आहे. माझी सगळी झाडं हिने खाल्ली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तोंडात मूग धरून बसलो. आता काढणार आहे."

स्वयंपाकघरातली भांड्यांची खुडबुड एकदम थांबली. दोघी बहिणी आत कान देऊन उभ्या होत्या. साडूंनी एकदा वेलीकडे पाहिलं, एकदा चष्मेवाल्यांच्या हातातल्या मोडक्या सुरळीकडे. मग वॉकर पुढे ओढून ते उठले आणि आत जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले.

त्यानंतर घरात नुसतं 'हो', 'नको' आणि 'पुरे' एवढंच बोलणं राहिलं. जेवताना कुणाला काय आधी खावं हे कुणी सांगेना, आणि ते न सांगणं सगळ्यांना खुपायला लागलं. चष्मेवाले संध्याकाळी दुकानातून येताना पावलं हळू टाकत. शेवटी मोठ्या मेव्हणीनेच त्यांना चहा देता देता विषय काढला.

"तुम्ही बोललात ते बरं केलंत. आमच्या अंगणातली मी केव्हाच काढून फरशी घातली. फरशीवाल्याने काढली असं त्यांना वाटतं."

"ताई, आणि मला दर फोनवर..."

"ते फोनवर विचारतात, कारण दुसरं विचारायला काही उरलं नाही त्यांच्याकडे. स्कूल बंद केलं आणि माणूस रिकामा झाला. आता कुणी त्यांना विचारत नाही, की गिअर कधी टाकू आणि कधी नको. रुसू देत थोडं. पण तुम्ही काढायचं थांबू नका, नाहीतर रुसणंही फुकट जायचं."

दुकान बंद असलेल्या दिवशी चष्मेवाल्यांनी फावडं घेतलं. काम सोपं वाटलं होतं, पण वेल हाताने ओढली की वरची दोरी हातात यायची आणि पेराखालची मुळं जमिनीत राहायची. फावड्याने कापली की एकीच्या चार व्हायच्या. दुपारपर्यंत त्यांचा सदरा पाठीला चिकटला आणि वाफ्याचा एक कोपराही धड मोकळा झाला नव्हता.

"ओढू नका."

चष्मेवाल्यांनी मागे पाहिलं. साडू दारात वॉकर धरून उभे होते. चेहरा अजून फुगलेलाच होता.

"ओढू नका म्हणतो ना. ती तशी येत नाही. फावडं लांब धरा. अजून लांब. आता तिरपं घाला, सगळी ढेप खालून उचला. हळू. घाई कशाला? हां, आता उलटी करा."

ढेप उलटी झाली. खाली पांढऱ्या मुळांचं जाळं होतं, मातीसकट अख्खं.

"आता झटका. आणि ते तुकडे त्या ढिगावर टाकू नका. एक पेर राहिलं तरी ती उठून बसते. काळ्या पिशव्या आणा, त्यात भरा, तोंड बांधा आणि उन्हात ठेवा. शिजू देत आतल्या आत."

"तुम्हाला एवढं कसं माहीत?"

"मीच वाढवली ना ती. तिची खोड मला नाही ठाऊक, तर कुणाला?"

खुर्ची उचलून वाफ्याशी आणली. जुनं टेबल आलं, धान्य चाळायची मोठी चाळणी आली. चष्मेवाल्यांनी ढेप उचलायची, झटकायची आणि माती टेबलावर ओतायची. साडूंनी ती चाळून त्यातलं एकेक पेर वेचायचं. डॉक्टरांनी वाकू नका सांगितलं होतं, हात चालवू नका असं कुणी सांगितलं नव्हतं. बोटभर तुकडाही त्यांच्या नजरेतून सुटत नव्हता.

"डावीकडे राहिलं. तुमच्या नाही, माझ्या डावीकडे."

चष्मेवाले मुकाट्याने डावीकडे वळायचे. बायको दारातून पाहत होती. ती बहिणीला म्हणाली, "ताई, यांना लायसन्स मिळेल असं दिसतंय."

चाळता चाळता साडू एकदा थांबले. हातातल्या तुकड्याकडे पाहत म्हणाले, "माझ्या हातून दुसरं काही जगलंच नाही हो. लहानपणापासून. आई म्हणायची, याने पाणी घातलं की झाड मरतं. ही एक जगली. वाटलं, चला, आपल्यालाही जमतं. म्हणून सगळ्यांना तिच्या काड्या वाटत सुटलो."

चष्मेवाल्यांनी फावडं बाजूला ठेवलं. ते आत गेले, खिडकीतल्या कुंडीत जगवून ठेवलेल्या कोलियसची एक फांदी पेराखाली कापली, खालची पानं काढली आणि पेल्यात पाणी घालून तो पेला साडूंच्या टेबलावर ठेवला.

"ही बघा सांभाळून. उन्हात ठेवू नका. पाणी बदलत राहा. बाकी काही करू नका."

"काहीच करू नका?"

"तेच अवघड असतं."

पुढचे काही दिवस साडू पेल्यासमोर बसून राहत. व्यायामाला आलेल्या बाईंना पेला दाखवत. एका दुपारी त्यांनी चष्मेवाल्यांना थेट दुकानात फोन केला, तेव्हा चष्मेवाले एका आजोबांना फळ्यावरची अक्षरं वाचायला लावत होते.

"मुळं आलीत. पांढरी. केसासारखी. बुरशी तर नाही ना?"

"नाही. मुळंच आहेत."

"नक्की?"

"तुम्ही नीट बघितलंत ना? मग नक्की." समोरचे आजोबा, आपल्यालाच विचारताहेत असं समजून, "हो, नीट बघतोय," म्हणाले.

वाफा उपसायला पुष्कळ दिवस लागले, कारण दुकान सांभाळून होईल तेवढंच काम व्हायचं. मधल्या टप्प्यात चाळणीत खडे यायला लागले. साडूंनी त्यातला एक बाजूला फेकला, मग काय वाटलं कोण जाणे, शेजारच्या मातीतून परत उचलला आणि नखाने खरवडला. आतून तो पिवळसर ओला निघाला.

"हे बघा हो. हा दगड नाही."

कॅलेडियमचा कंद होता. सुपारीएवढा, सुरकुतलेला, पण टणक. चष्मेवाल्यांनी तो हातात घेऊन दाबून पाहिला, आपल्या कामाचं छोटं भिंग डोळ्याला लावून पाहिला. एका बाजूला गुलाबी टोक होतं, टाचणीच्या डोक्याएवढं. त्यांनी तो साडूंच्या तळहातावर ठेवला आणि भिंगही दिलं.

त्यानंतर खड्यांचा प्रत्येक ढीग पुन्हा तपासला गेला. बरेचसे कंद मऊ पडले होते, ते टाकावे लागले. जगले ते एका वाडग्यात मावले. नवीन माती, शेणखत, वाळू. चष्मेवाल्यांनी खळगे केले, साडूंनी खुर्चीतून वाकायची परवानगी नसल्याने एकेक कंद हातात दिला. कुठली बाजू वर, हे मात्र ते प्रत्येक वेळी सांगत राहिले.

साडू काठीवर चालायला लागले, मग मेव्हणीने घरी जायचा दिवस ठरवला. तोपर्यंत वाफ्यात सुरळ्या वर आल्या होत्या. कोपऱ्याकोपऱ्यात वेलीची दोन-दोन पानंही पुन्हा दिसत होती. चष्मेवाले रोज सकाळी ती बोटाने मुळासकट उकरून पिशवीत टाकत. हे काम वर्षभर तरी पुरणार, हे त्यांना ठाऊक होतं. त्याचं त्यांना आता ओझं वाटत नव्हतं.

जायच्या दिवसापर्यंत साडूंची कोलियसची फांदी पेल्यातून कुंडीत आली होती. गाडीत सामान भरताना ड्रायव्हरने ती मागे डिकीत ठेवायला हात पुढे केला.

"डिकीत नाही. मांडीवर," साडू म्हणाले.

"अहो, काठी सांभाळाल की कुंडी?" मेव्हणी म्हणाली.

"काठी तू घे."

गाडी गेली. बायको आत जाताना म्हणाली, "तो कोपरा अगदीच भुंडा दिसतोय. काय लावायचं तिथे?"

"ठरवू सावकाश," चष्मेवाले म्हणाले. मग क्रोटनच्या उघड्या पडलेल्या फांद्यांना नवे तांबूस कोंब आले होते, ते बघत ते उभेच राहिले. बघता बघता दुकानाची वेळ टळून गेली. शटरपाशी एक बाई चष्म्याची मोडलेली दांडी हातात धरून वाट पाहत होत्या. चष्मेवाल्यांनी कुलूप उघडलं, नखांतल्या मातीसह छोटा स्क्रूड्रायव्हर उचलला आणि म्हणाले, "बसा. उशीर झाला. घरी पानं फुटलीत."