सोळा इंच छाती

सासूबाई गेल्या आणि त्यांचा एक पिवळा स्वेटर कपाटात सुयांवर तसाच राहिला. पाठ झालेली, पुढचा भाग खांद्यापर्यंत आलेला. सोबत वहीचं पान: ‘तीन पदरी लोकर, सुई दहा नंबर, चौसष्ट टाके, दोन सुलट दोन उलट, छाती सोळा इंच.’

सुनेला भरून आलं. नातवासाठीच घेतला असणार विणायला. पण बाळ आता सात महिन्यांचं, छाती अठरा. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा लिहिला, स्वेटर उसवला आणि मोठा व्हावा म्हणून मोठ्या नंबरच्या, बारा नंबरच्या सुया आणल्या. स्वेटर आणखीच आकसला.

“अगं, शिकलेली ना तू?” लोकरीच्या दुकानातल्या मावशी पोट धरून हसल्या. “सुईचं उलटं असतं. नंबर चढला की सुई बारीक. आठ नंबर घे. आणि ही चार पदरी, जरा जाड. आधी चार बोटांचा तुकडा विण, इंचात टाके किती बसतात बघ, मग पुढची उडी.”

इंचात सहा टाके बसले. म्हणजे चौसष्टला साडेदहा इंच, पाठपोट मिळून एकवीस. ऐसपैस. बारा नंबरचं उसवून तिने नव्याने सुरुवात केली. चार दिवसांनी पाठीला टेप लावली. आठ इंच. पाठपोट सोळा.

“हात घट्ट आहे तुझा,” नवरा म्हणाला. “सैल सोड की. लोकर आहे ती, चोर नाही.”

तिने तेही उसवलं. ऐंशी टाके घातले. तरी सोळाच.

पुन्हा उसवायला टोक हातात घेतलं आणि का कोण जाणे, तिने आधी बाळाला टेप लावली. प्रत्येक वेळी टाके घालण्याआधी ती मोजतच होती, पण कॅलेंडरवरचे आकडे एका ओळीत आजच पाहिले. अठरा. साडेसतरा. सतरा. आज साडेसोळा. शेजारणीची टेप आणली. तीही साडेसोळाच म्हणाली. बाळ पंधरा दिवस दूध निम्मं टाकत होतं. रडायचं तेही हळू, परक्याच्या घरी असल्यासारखं. “दात येताहेत, वजन अडतं थोडं,” डॉक्टर म्हणाले होते.

दुपारी नवऱ्याची आत्या आली. पाळण्यात वाकून पाहण्याआधीच तिची नजर खुर्चीवरच्या विणकामावर गेली.

“हे माप तुला कुणी दिलं?”

सुनेने वहीचं पान पुढे केलं. आत्या ते वाचत खाली बसली.

“वहिनीच्या पहिल्याचं हे. तुझ्या नवऱ्याच्या आधीचा. तीन महिन्यांचा होता, गेला. स्वेटर सुयांवरच राहिला. वहिनी म्हणायची, टाके बंद केले की तो संपला. थंडी पडली की घेऊन बसायची, चार टाके विणायची, चार मागे घ्यायची. पण उसवला कधी नाही गं.”

“मी तीनदा उसवला, आत्या.”

आत्याने उठून पाळण्याची दोरी तेवढी धरली.

पुढचे तीन दिवस स्वयंपाक नवऱ्याने केला. तिने त्याच सोळाच्या मापावर पुढचा भाग विणला, बाह्या विणल्या, खांदे शिवले. सुईवर फक्त गळा उरला, त्याचे टाके बंद करायचे. दोन टाके विणायचे, मागचा पुढच्यावरून ओढून सोडायचा. टाके सुटेनात. लोकर मागे ओढली जात होती, कुणीतरी इवल्या मुठीत धरल्यासारखी. पाळण्यात तिचं बाळ डोळे उघडे ठेवून गप्प पडलेलं.

“सोड राजा,” ती स्वेटरला म्हणाली. “तुझ्याच मापाचा केलाय. दुसऱ्या कुणाला नाही देणार.”

मूठ सैल झाली. शेवटचा टाका. लोकर कापली, टोक ओढून घेतलं.

स्वेटर उचलताना तिचा एक हात आपोआप गळ्याखाली गेला, मान न धरलेल्या बाळाला घेताना जातो तसा. मांडीवर वजन आलं. उबदार.

त्याच क्षणी पाळण्यातून रडणं फुटलं, भुकेचं, घर दणाणून सोडणारं, कित्येक दिवसांत न ऐकलेलं. तिला पान्हा फुटला. ती उठणार, पण मांडीवरच्याला आधी खाली कसं ठेवायचं, हे तिला कळेना.