डब्बलचा गुन्हा

"नाक दाखव," संघरत्ना म्हणाली.

डब्बलने नाक दाखवलं. नाकावर माती होती, पंजांवर माती होती आणि ओठाच्या कडेला मेथीचं एक पान चिकटलं होतं. त्याच्या मागे मेथीचा वाफा होता, म्हणजे सकाळपर्यंत होता. आता तिथे नुसती भुसभुशीत माती होती आणि उपटलेली मेथी पार दुधीच्या मांडवापर्यंत पसरली होती.

"कोणी केलं हे?"

डब्बलने शेपटी हलवली. याला ती कबुली समजली. पहिल्यांदा कोथिंबीर गेली, मग अर्धी मेथी, आता उरलेली. ही तिसरी खेप होती.

संघरत्नाने बावीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली होती. शहापूर, मुरबाड, टोकावडे या रस्त्यांवर माणूस किती प्रकारांनी खोटं बोलू शकतो हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नसेल. मिसरूड फुटलेल्या पोराला गुडघे दुमडून बसवणारे आणि 'अकरावं चालू हाय' म्हणणारे आईबाप तिने पाहिले होते. पिशवीत कोंबडा आणि तोंडाने 'भाजी हाय' म्हणणाऱ्या म्हाताऱ्या पाहिल्या होत्या. खोटं बोलणारा माणूस आधी खिडकीबाहेर बघतो, हा तिचा अनुभव होता. मग ती दुसरा प्रश्न विचारायची आणि दुसऱ्या प्रश्नाला भलेभले गळपटायचे. तिने कोणालाच सोडलं नाही. ओळखपत्र घरी विसरलेल्या आपल्या सासूला, सोनूबाईला, तिने भर गाडीत पुरं तिकीट फाडलं होतं. सोनूबाई त्यानंतर सहा महिने तिच्याशी बोलली नव्हती.

नोकरी संपली, पण नजर काही निवृत्त झाली नाही. गाडीभर माणसांवर फिरणारी ती नजर आता दूधवाला, नवरा, कुत्रा आणि शेजारची गोजरबाई एवढ्या चौघांवर फिरायची. चौघांच्या वाट्याला साहजिकच जास्त यायची.

त्यातल्या त्यात बिचाऱ्या कुत्र्याची बाजू लंगडीच होती. दीड वर्षापूर्वी नरेंद्रने, तिच्या नवऱ्याने, त्याला कालव्यातून काढलं होतं. भातसा धरणावर बत्तीस वर्षं दरवाजांची यंत्रं सांभाळलेला माणूस, पाण्याला भीत नसे. सकाळी फिरायला गेला आणि ओल्या कपड्यांनी, काखेत पिल्लू घेऊन परत आला. ते नेहमी दोनदाच भुंकायचं, गाडी सोडताना कंडक्टर घंटी मारतो तसं. म्हणून संघरत्नाने त्याचं नाव डब्बल ठेवलं. पुढे डब्बलने पाण्याचा पाइप चावला, परकराची नाडी पळवली, गोजरबाईच्या अंगणातले सुके बोंबील खाल्ले आणि अळूचे कांदे उकरून ओट्यावर ओळीने आणून मांडले. हे सगळं तिने पोटात घातलं होतं. पण परसबाग ही वेगळी गोष्ट होती. बावीस वर्षं ती गाडीच्या खिडकीतून लोकांच्या परसातले मांडव बघत आली होती. भातसानगरच्या रस्त्याला घर बांधून झाल्यावर मागच्या जागेतला एकेक दगड तिने स्वतः वेचला होता.

तिने जागेवरूनच देवरामला फोन लावला. देवराम तिच्या गाडीवरचा जुना ड्रायव्हर. आता त्याचा टोकावड्याला ढाबा होता आणि माकडांनी त्याला हैराण केलं होतं.

"देवरामदादा, कुत्रा पायजे होता ना तुला?"

"पायजे तर हाय. पण तुमचा? दादांचा लाडका ना तो?"

"लाडका हाय म्हणूनच शेफारलाय. रविवारी ये, घेऊन जा."

ओट्यावर बसलेल्या नरेंद्रने हे ऐकलं. त्याने पेपर खाली ठेवला, डब्बलला जवळ बोलावलं आणि पंच्याने त्याचं नाक पुसलं.

"तो तसा वाईट नाय गो," तो म्हणाला.

"मग मेथी काय मी उपटली?"

यावर तो डब्बलचे पंजे पुसायला लागला. रुसलाय, असा संघरत्नाने हिशेब केला. तसा तो हल्ली तिला संशयास्पदच वाटत होता. गेल्या आठवड्यात साखर आणायला गेला आणि तासाभराने हात हलवत आला. विचारलं तर खिडकीबाहेर बघायला लागला. तंबाखू पुन्हा सुरू झाली, हे तिने तिथेच ओळखलं. त्याची आंघोळ चालू असताना तिने पँटचे खिसे उलटे केले. तंबाखूची पुडी सापडली नाही. पेंढ्याच्या चार काड्या तेवढ्या निघाल्या. मिरचीच्या बुडाशी पेंढा घातलेला होता, त्यातल्याच असतील, असं म्हणून तिने त्या फेकून दिल्या. पुडी दुसरीकडे कुठे लपवतो याचा शोध मात्र चालू ठेवला.

शनिवारी ती शहापूरच्या बाजाराला गेली. जाताना डब्बलला न्हाणीजवळच्या खांबाला साखळीने बांधलं, कडी दोनदा ओढून पाहिली. दुपारी परत आली, मागच्या दारात पिशवी ठेवली आणि उभीच राहिली.

मिरचीचा वाफा रिकामा होता. एकही रोप जागेवर नव्हतं. पण आज काहीच विस्कटलेलं नव्हतं. रोपं वाफ्याच्या कडेला ओळीने ठेवली होती, वितीवितीच्या अंतरावर, मुठी बांधून. मुळांची माती झाडलेली. प्रत्येक मुठीला पेंढ्याच्या काडीचा वेढा आणि टोक आत खोचलेलं. आषाढात आवणीच्या वेळी राबातून भाताची रोपं उपटतात आणि खाचरात लावायला नेण्याआधी त्यांच्या जशा मुठी बांधतात, अगदी तशा. आणि महिना तर मार्गशीर्षाचा होता.

डब्बल साखळीला बांधलेलाच होता. तो दोनदा भुंकला.

संघरत्नाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कुत्रा मूठ बांधत नाही. म्हणजे आधीही कोणी तरी असंच उपटून बांधून ठेवत होतं आणि सुटा असलेला डब्बल त्या मुठी घेऊन खेळत होता, पसरत होता. उपटणारा माणूस होता. आणि माणूस म्हटला की गोजरबाई! जन्म आवणीत गेला त्या बाईचा. शिवाय हल्ली ती कुंपणाशी सारखी उभी असायची. काम काही नाही, नुसती इकडे बघत. आपण बघितलं की लगेच मान फिरवायची. तिचे बोंबील खाल्ले त्याचा सूड, दुसरं काय!

एक मूठ उचलून ती कुंपणाशी गेली.

"गोजरबाई! हे काय हाय?"

गोजरबाई शेणी थापत होती. हात झटकून आली, मूठ पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. चोराच्या मनात चांदणं, संघरत्नाला वाटलं.

"तुमच्याबिगर हितं मूठ कोण बांधतो? बोंबलाचे पैसे देत होते तर नको म्हणालात. आता माझी मिरची उपटताव?"

गोजरबाई चिडली नाही. संघरत्नाला तेच जास्त खटकलं. तिने मूठ हातात घेऊन उलटीसुलटी केली, काडीच्या वेढ्यावरून अंगठा फिरवला.

"ही माझी नाय, कंडक्टरबाई. आमी उजव्या हातानं वेढा देतो. हा बघा कसा फिरवलाय. डावऱ्या हाताचा हाय."

"कोण डावरा हाय हितं?"

गोजरबाईने तिच्याकडे पाहिलं आणि मूठ परत तिच्या हातात दिली. "उद्या कुठं जाऊ नका," ती हळूच म्हणाली. "जाते म्हणून सांगा. नि न्हाणीच्या मागं बसा."

ती शेणी थापायला निघून गेली. संघरत्ना मूठ धरून तिथेच उभी राहिली. घरात डावरा कोण, हे आठवायला तिला वेळ लागण्याचं काहीच कारण नव्हतं. चाळीस वर्षं ती त्याच्या डाव्या बाजूला जेवायला बसत नव्हती, कोपराला कोपर लागतं म्हणून. पण त्या क्षणी तिने ते आठवू दिलं नाही. गोजरबाईचा हा नवा डाव आहे, असंच ती रात्री झोपेपर्यंत स्वतःला सांगत राहिली.

रविवारी नऊ वाजता तिने चपला घातल्या. "वाशिंदला पिंकीकडं जाऊन येते," म्हणाली. पिंकी त्यांची लेक. नरेंद्र म्हणाला, "जा." ती पुढच्या दाराने निघाली, कुंपणाला वळसा घातला आणि न्हाणीच्या मागे, अळूच्या पानांआड जाऊन बसली. आपल्याच घरी चोरासारखं बसायची वेळ आली म्हणून तिला हसू येत होतं. ते फार वेळ टिकलं नाही.

नरेंद्र मागच्या दाराने आला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि कांद्याच्या वाफ्यात उकिडवा बसला. मग त्याचे हात चालू लागले. घरात शर्टाचं बटण लावायला हल्ली त्याला वेळ लागायचा, तिला वाटायचं मुद्दाम करतो. पण हे हात भराभर चालत होते. चार रोपं, आठ रोपं, मूठ भरली की पायावर आपटून माती झाडायची, डाव्या हाताने काडीचा वेढा द्यायचा, बाजूला टाकायची. त्याची आई, सोनूबाई, लोकांच्या खाचरांत मजुरीने आवणीला जायची तेव्हा पोरवयात तो तिच्या मागून मुठी बांधत फिरायचा, हे त्याने लग्नाच्या पहिल्या वर्षी तिला सांगितलं होतं.

"आये," तो बोलत होता, "वरचा बांध गळतोय गो. एवढी मूठ टाकतो नि जातो."

सोनूबाईला जाऊन सोळा वर्षं झाली होती.

डब्बल एक मूठ तोंडात धरून मागे सरकला. "ठेव रे," नरेंद्र म्हणाला. पोराला म्हणावं तसं.

संघरत्ना उठली. पाय बधिर झाले होते. अळूचं पान खसकन वाजलं आणि त्याने मान वर केली.

"आय कुठं हाय?" त्याने विचारलं.

त्याची नजर तिच्यावरून न्हाणीच्या भिंतीकडे गेली, मग दुधीच्या मांडवाकडे, मग पाण्याच्या टाकीकडे. मग त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. हातात कांद्याची रोपं होती. धरणाच्या दरवाजावर दोराने लोंबकळून काम करणारा हा माणूस, त्याला घाबरलेला तिने कधी पाहिला नव्हता. तो आता घाबरला होता.

"डब्बलनं..." तो म्हणाला आणि कुंपणापलीकडे बघू लागला. "डब्बलनं उपटली गो. मी गोळा करत होतो."

एवढ्या वर्षांत त्याने तिला थाप मारली नाही असं नाही, पण हे खोटं निराळं होतं. त्याला ते खोटं आहे हे तरी ठाऊक आहे का, हे तिला कळेना. ते कळायला दुसरा प्रश्न विचारावा लागला असता. तो तिच्या ओठांवर आलाही. तिला रडू फुटत होतं. तंबाखूसाठी त्याचे खिसे उलटे केलेले हात कुठे ठेवावेत हे तिला सुचेना.

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "त्याचीच खोड हाय ती. उठा, हात धुवा."

तो नळाकडे गेला. तेवढ्यात पुढच्या अंगणात टेम्पोचा हॉर्न वाजला आणि देवराम दोर घेऊन थेट मागे आला.

"जयभीम ताई. कुठाय आरोपी?" त्याने वाफा पाहिला. "बापरे! आज कांदा पण?"

"आज कांदा पण," संघरत्ना म्हणाली.

"मुठी बांधल्यात कोणी?"

"मी," संघरत्ना म्हणाली. "परत लावायला बऱ्या."

देवराम तिच्याकडे बघत राहिला. बारा वर्षं गाडी हाकताना त्याने आरशातून तिचा चेहरा पाहिला होता, त्यामुळे त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. तेव्हा कुंपणापलीकडून आवाज आला.

"कुत्राच हाय तो," गोजरबाई म्हणाली. "मी माझ्या डोल्यानं बघलाय. दर खेपेला तोच."

संघरत्नाने तिच्याकडे पाहिलं. ही बाई कुंपणाशी इतके दिवस कोणावर नजर ठेवून उभी असायची, हे तिला आता उमगलं. तिला स्वतःचीच मनस्वी लाज वाटली.

"मग आणा हिकडं," देवराम दोर उलगडत म्हणाला. "बांधतो नि निघतो."

"नको. राहू दे."

"अवो, तुमीच तर फोन केला!"

"केला. आता नाय म्हणते. चा घेऊन जा."

"एवढी नासधूस केली त्यानं, नि तरी ठेवताव?"

"सवय झाली त्याची," संघरत्ना म्हणाली आणि बोलताना तिने रस्त्याकडे पाहिलं.

देवराम चहा पिऊन, नुसता दोर घेऊन गेला. संघरत्ना मागे आली. नरेंद्र अजून नळापाशीच होता, धुतलेले हात पुन्हा पुन्हा धूत होता. त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने तिने डब्बलला झाडायला सुरुवात केली. मेल्या, कांदा उपटलास, मिरची उपटलीस, तुला अन्न घालते ते यासाठी का, पुन्हा वाफ्यात दिसलास तर बघ. डब्बल कान पाडून, शेपटी हलवत सगळं ऐकून घेत होता.

नरेंद्रने नळ बंद केला.

"नको गो ओरडू त्याला," तो म्हणाला. "तो काय करतो ते त्याला कुठं कळतं? सांभाळून घ्यायचा."

संघरत्नाने पदर खोचला, वाफ्याच्या कडेला बसली आणि एका मुठीची काडी सोडली. एकेक रोप ती मातीत लावू लागली. थोड्या वेळाने तो पलीकडच्या टोकाला येऊन बसला आणि त्याने दुसरी मूठ सोडली. तिची ओळ वाकडी जात होती, त्याची सरळ.