टाचेची रेघ

मैदानावरच्या सगळ्या पांढऱ्या रेषा माझ्या. त्यात कुणी एक रेघ जास्तीची ओढली, की माझ्या नाकावरचा राग थेट डोक्यात जातो. आणि ओढणारा कोण, तर माझाच सख्खा धाकटा भाऊ.

मी फुटबॉल क्लबचं मैदान राखते, तो क्लबचा गोल राखतो. सेकंड डिव्हिजनमध्ये बारा टीम, बावीस मॅचेस, आणि पहिल्या दोनच वर जाणार. धाकट्याला सदतिसावं लागलं होतं. अठरा वर्षं खेळून फर्स्ट डिव्हिजनची एकही मॅच त्याच्या वाट्याला आली नव्हती. सीझनच्या सुरुवातीलाच कोचनं स्पष्ट सांगितलं होतं, "वर गेलो तर अजून एक वर्ष गोलकीपर तूच. नाही गेलो, तर छानसा सत्कार करू." सत्काराचं नाव काढलं की धाकट्याचं तोंड कडू व्हायचं.

आता रेघेचं सांगते. मॅच सुरू व्हायच्या आधी तो गोलच्या बरोबर मध्यावर उभा राहायचा आणि बुटाच्या टाचेनं गवत खरवडत पेनल्टीच्या ठिपक्याच्या दिशेनं चांगली हातभर रेघ ओढायचा. हाफटाइमनंतर बाजू बदलली की दुसऱ्या गोलसमोर तेच. गोलकीपर पुढे आला की गोल त्याच्या पाठीमागे जातो, मग आपण मध्यावर आहोत की सरकलोय हे खाली रेघ बघून कळतं, असं त्याचं म्हणणं. माझं म्हणणं, रेघ तुझी आणि टक्कल माझ्या मैदानाला. दर सोमवारी गुडघे टेकून मी तिथं माती भरायची, बी पेरायचं, आणि पुढच्या मॅचला हा बाबा पुन्हा टाच घेऊन हजर.

"अरे, डोळे दिलेत ना देवानं? खांब दिसत नाहीत?"

"ताई, तू दोरी न ताणता रेषा मारतेस का?"

यावर मी आणखीच चिडायचे.

पण सीझन काय सीझन होता! पहिल्या दहा मॅचमध्ये आम्ही एकच हरलो. पूर्वी दोनशे माणसं यायची, ती दोन हजारांवर गेली. बेकरीवाला दुकान बंद करून यायचा आणि माझ्या अवजारांच्या खोलीच्या छपरावर चढून बसायचा. उतर म्हटलं तरी उतरायचा नाही. लोकांनी धाकट्याचं नावच 'रेघवाला' पाडलं. तो टाच टेकवायचा आणि सगळं स्टँड एका सुरात "रेऽऽघ!" म्हणून ओरडायचं. खोटं कशाला बोलू, मीही ओरडायचे, पण मनातल्या मनात.

विसावी मॅच आमच्याच मैदानावर होती. जिंकलो असतो तर त्याच दिवशी वर गेलो असतो. सकाळी रेफरी मैदान तपासायला आला. जाड मिशीचा, शिस्तीचा माणूस. गोलसमोर थांबला आणि म्हणाला, "बाई, बाकी मैदान गालिच्यासारखं आहे. इथंच गवत का गेलंय?"

मी आदल्याच दिवशी तिथं बसून कंबर मोडून घेतली होती. जीभ सुटली. "आमचा गोलकीपर! टाचेनं उकरतो. तुम्हीच सांगा त्याला काहीतरी, माझं ऐकत नाही."

त्यानं सांगितलं नाही. मॅचआधी धाकट्यानं रेघ ओढली, तसं त्यानं थेट पिवळं कार्ड काढलं. मैदानावर परवानगीशिवाय खूण करायची नाही, असा नियमच आहे म्हणे. इतकी वर्षं कुठल्या रेफरीनं तिकडे बघितलं नव्हतं, कारण कुणी बोट दाखवलं नव्हतं. ते मी दाखवलं.

हाफटाइमनंतर दुसऱ्या गोलसमोर त्याला रेघ ओढता आली नाही. दुसरं पिवळं म्हणजे सरळ बाहेर. तो सारखा वळून खांबांकडे बघत होता. शेवटी लांबून एक साधा फटका आला. धाकटा उजवीकडे दोन वीत जास्त सरकलेला होता, आणि बॉल त्याच्या डाव्या हाताला चाटून आत गेला. एक-शून्य. हातातोंडाशी आलेला घास गेला. छपरावर बेकरीवाला डोकं धरून बसला होता. मला माझीच जीभ उपटून टाकावीशी वाटली. आपलेच दात, आपलेच ओठ, आणि बाहेरचं कुणी नाही की ज्याला शिव्या द्याव्यात.

धाकट्याला सांगायचं दहा वेळा ठरवलं, पण धीर झाला नाही. तो नेहमीसारखाच बोलत होता, ते तर आणखी जड जात होतं. धाकट्याची बायको म्हणाली, "ताई, हे स्वयंपाकघरात ओट्यापासून दारापर्यंत टाच घासत चालतात. फरशीला काळे पट्टे पडलेत." मी हसले, मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

एकविसावी मॅच बाहेरगावी होती, ती बरोबरीत सुटली. शेवटची आमच्याकडे. आम्ही दुसरे, समोरचे दोन पॉइंटनं मागे, तिसरे. बरोबरी पुरे होती. आणि रेफरी? तोच, जाड मिशीचा.

त्या दिवशी उजाडताच मी मशीन बाहेर काढलं. गवत कापताना मागचा रोलर ते एका बाजूला झोपवतो. जाताना झोपलेलं गवत फिकं दिसतं, येताना झोपलेलं गडद. हे पट्टे मी नेहमी आडवे काढते. आज दोन्ही गोलसमोर दोरी ताणली, गोलच्या मध्यापासून पेनल्टीच्या ठिपक्यापर्यंत, आणि उभे पट्टे काढले. दोरीच्या डावीकडे फिका, उजवीकडे गडद. दोन्हींचा सांधा बरोबर मध्यावर.

रेफरी आला, थांबला, मिशीवरून हात फिरवला. "हे काय नवीन?"

"गवत कापलंय, साहेब. त्याला परवानगी लागते का?"

त्यानं वाकून सांध्यावर बोट फिरवलं. मग म्हणाला, "नाही लागत." आणि पुढे गेला.

धाकटा मैदानात उतरला. गोलसमोर आला, सवयीनं टाच उचलली आणि तशीच हवेत धरली. स्टँड "रेऽऽ" म्हणून मध्येच थांबलं. त्यानं खाली बघितलं, मग कडेला उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं, आणि पाय हळूच खाली ठेवला.

मॅच म्हणजे नुसता जीव टांगणीला! आम्ही गोल केला, त्यांनी फेडला. एक-एक. शेवटची तीन मिनिटं उरली, ते आठ-आठ जण आमच्या गोलवर तुटून पडले. बेकरीवाला छपरावर उभा राहून काय ओरडत होता त्यालाच माहीत. शेवटच्या मिनिटाला त्यांचा सगळ्यात वेगवान गडी बॉल घेऊन एकटाच सुटला. धाकटा पुढे धावला. धावता धावता त्याची मान एकदा खाली गेली. मी बघितली, माझ्या या डोळ्यांनी बघितली. तो अर्धं पाऊल डावीकडे सरकला आणि त्याच क्षणी फटका आला, तिकडेच, डावीकडे. तळव्यावर आदळून बॉल वरच्या दांड्यावरून बाहेर गेला.

शिट्टी वाजली. बरोबरी. आम्ही वर गेलो!

दोन हजार माणसं माझ्या गवतावर धावत आली. मी पहिल्यांदाच कुणाला हाकललं नाही. गर्दीतून वाट काढत गोलपाशी गेले. धाकटा खांबाला टेकून बसला होता, लहानपणी पडला की बसायचा तसा.

"त्या दिवशी रेफरीला मीच सांगितलं होतं," मी एका दमात म्हणून टाकलं.

"माहितीये. कार्ड दाखवतानाच म्हणाला तो, मैदानवाल्या बाईंची तक्रार आहे."

"मग एवढे दिवस बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू भांडली असतीस. तुझ्याशी भांडून मी कधी जिंकलोय?"

मला हसू आवरेना आणि रडूही. मी त्याला हाताला धरून उठवलं. "चल, ओढ आता."

"गवत जाईल."

"सोमवारी बघेन मी. ओढ!"

त्यानं गोलच्या मध्यावर टाच रोवली आणि सांध्यावरून खरवडत निघाला, हातभर नाही, थेट पेनल्टीच्या ठिपक्यापर्यंत. ठिपक्यापाशी रेफरी उभा होता. त्यानं रेघ बघितली आणि खिशात हात घातला. आता पुन्हा कार्ड, असं वाटून मी पुढे झाले. त्यानं रुमाल काढला, मिशी पुसली, आणि धाकट्याला वाट द्यायला एक पाऊल बाजूला सरला.