हार्लन स्ट्रीटचं धुराडं

वेंडेल क्रॉस अमेरिकेतल्या टोलेडोत शाळेची बस चालवायचा. सकाळची फेरी नऊला आटपली की दुपारी दोनपर्यंत माणूस मोकळा. बाकीचे ड्रायव्हर त्या वेळात घरी जाऊन झोपत. वेंडेल घरं हेरायचा. बसच्या उंच सीटवरून सगळं दिसतं. कुठल्या अंगणातलं गवत गुडघ्याला लागलंय, कुठल्या घराचे पडदे महिनाभर हललेले नाहीत. आत राहणारा म्हातारा गेलेला असतो आणि मुलं लांबच्या गावी असतात, त्यांना ते घर एकदाचं गळ्यातून उतरवायचं असतं. वेंडेल ते पडत्या भावात घेई, पाच-सहा महिने भर दुपारी एकटा खपून चकाचक करी आणि विकून टाकी.

हार्लन स्ट्रीटचं घर हे त्याचं तिसरं. घर बरं होतं, पण छपरावरचं विटांचं धुराडं डुगडुगत होतं आणि त्याच्या बुडाशी पाणी गळत होतं. गवंडी आणायचा म्हणजे आधी नगरपालिकेची परवानगी, मग तिचा माणूस येणार, दहा गोष्टी काढणार. हवं कशाला? घर तापवायची नवी भट्टी तर वेंडेलने बसवली होतीच, तिचा धूर प्लास्टिकच्या नळीने भिंतीतून बाहेर जात होता. म्हणजे धुराडं बिनकामाचं. एका दुपारी त्याने हातोड्याने ते छपराखालपर्यंत उतरवलं, वर फळ्या ठोकल्या आणि छप्पर सलग करून टाकलं. रस्त्यावर उभं राहून बघितलं तेव्हा इथे कधी धुराडं होतं यावर कुणाचा विश्वास बसला नसता. स्वारी खूश झाली.

घरावर सात जणांच्या उड्या पडल्या. टेशा आणि कोरी बोवर्स या जोडप्याने घर तपासून घ्यायची अट सोडून दिली, कारण अट घालणाऱ्याला त्या उन्हाळ्यात कुणी दारात उभं करत नव्हतं. वर टेशाने एक पत्र लिहिलं, त्याला लेकीचा फोटो लावला. ‘डेलियाला आजवर स्वतःची खोली मिळालेली नाही.’ अशी पत्रं विकणाऱ्याला पाघळवण्यासाठीच लिहितात, हे वेंडेलला पक्कं ठाऊक होतं. तरी तो पाघळला. ऑगस्टमध्ये किल्ली दिली आणि शाळा सुरू झाली तेव्हा डेलिया त्याच्याच बसच्या थांब्यावर उभी.

“मिस्टर वेंडेल, माझी खोली पिवळी तुम्ही रंगवली ना?”

“मीच. का, आवडली नाही?”

“कोपऱ्यात एक केस चिकटलाय. ब्रशचा. मी तो काढू देत नाही कुणाला.”

सप्टेंबरच्या शेवटी वेंडेलने घेतलेल्या चौथ्या घराच्या तळघरात ऑटिस नावाचा म्हातारा प्लंबर काम करत होता. त्याने पाणी तापवायच्या गॅसच्या बंबावरच्या पत्र्याच्या नळीवर टिचकी मारली.

“ही कुठं जाते बघ. धुराड्यात. तुम्ही हौशी शहाणे नवी भट्टी बसवता आणि धुराडं पाडून मोकळे होता. भट्टीचा धूर गेला भिंतीतून. पण बंबाच्या गॅसचं काय? तो तर अजून त्याच धुराड्यात श्वास सोडतोय. वरून बंद केलंस की सगळं विष घरात. वास नाही, रंग नाही. माणसं झोपेत जातात.”

वेंडेलला हार्लन स्ट्रीट आठवलं. तिथल्या तळघरात त्याने बंबाभोवती लाकडी भिंत उभी केली होती, नळी दिसू नये म्हणून. छान दिसावं म्हणून.

“आणि असं झालंच असेल तर?” त्याने विचारलं.

“तर काय, नळी भिंतीतून काढायची. अर्ध्या दिवसाचं काम.” ऑटिसने त्याच्याकडे निरखून पाहिलं. “कुणाचं रे?”

“असंच विचारलं.”

अर्ध्या दिवसाचं काम! पण ते करायचं तर आधी तोंड उघडायला हवं. परवानगी नव्हती हे निघालं असतं, वकील आले असते, चौथं घर अर्धवट होतं आणि बायकोचे निवृत्तीचे पैसे त्यात अडकलेले. वेंडेल दुष्ट नव्हता, आणि तेच वाईट होतं. दुष्ट माणूस सरळ विसरून गेला असता. याने मधला रस्ता काढला. दुकानातून विषारी वायूचा अलार्म आणला, सोबत ॲपल पाय घेतला आणि हार्लन स्ट्रीटला गेला.

टेशा हरखून गेली. “घर विकून कोण परत येतं हो? लोक फोनसुद्धा उचलत नाहीत.”

“घर नवीन आहे ना तुम्हाला. हे जिन्यात लावा. थंडीत खिडक्या बंद असतात.” त्याने स्वतःच्या हाताने अलार्म भिंतीवर लावला. “वाजला तर सगळे बाहेर पडा, बरं का.”

“वाजेल कशाला? सगळं नवंकोरं करून दिलंयत तुम्ही.” मग तिने आवाज खाली केला. “ही डेलिया तेवढी सकाळी डोकं दुखतं म्हणून कटकट करते. शाळा चुकवायचे बहाणे, दुसरं काय.”

बसमध्ये बसलं, खिडकी उघडली की पोरीचं डोकं दुखायचं थांबतं, हे वेंडेलला माहीत होतं. त्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, “ॲपल पाय गरम करून खा.”

घरी जाताना त्याला हलकं वाटलं, या गोष्टीची त्याला पुढे फार लाज वाटली. चौथं घर विकलं की सांगू, असं त्याने ठरवून टाकलं.

ऑक्टोबर सरता सरता थंडी पडली. शनिवारी दुपारी फोनवर टेशाचं नाव दिसलं. बायको म्हणाली, “नको उचलूस. नळ गळत असेल. एकदा उचललास की जन्मभर त्यांचा गडी होशील.” वेंडेलने फोन उलटा ठेवला. खरं कारण वेगळं होतं, टेशाचा आवाज त्याला सहन होत नसे.

सोमवारी सकाळी तो डेलियाच्या घरासमोरच्या थांब्यावर पोचला. डेलिया नव्हती. घरात दिवे लागलेले होते, गाडी दारात होती. आणि सगळ्या खिडक्यांच्या काचा आतून बंबाची कोंडलेली वाफ धरून पांढऱ्या झालेल्या. त्या खिडक्या त्यानेच बसवल्या होत्या, वारा शिरत नाही अशा. त्याने हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. मग फोनवर टेशाने ठेवलेला शनिवारचा निरोप लावला.

“हाय वेंडेल, टेशा बोलतेय. अहो, तुमच्या त्या अलार्मने डोकं उठवलंय. रात्रीपासून पीं पीं. कोरी रात्रपाळी करून येतो, त्याला झोप नाही. बॅटरी संपली असणार, काढून ठेवलीय त्याने. कुठली बसते तेवढं सांगा, म्हणजे आणते. आणि ॲपल पाय मस्त होता!”

बसमधल्या पोरांनी पाहिलं, ड्रायव्हर धावत गेला, दार बडवलं, मग कोपराने काच फोडली. त्याने डेलियाला पिवळ्या खोलीतून उचलून गवतावर आणलं. ती श्वास घेत होती. तिच्या खोलीची खिडकी बोटभर उघडी होती, कारण रंगाचा वास तिला अजून येई. तो परत आत गेला. कोरी आणि टेशा पलंगावर होते. त्या वायूने त्यांचे गाल गुलाबी झाले होते, पण हात लावला तर अंग थंडगार. तो तसाच बाहेर आला.

अग्निशमन दलाचे लोक आले. डेलियाला तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावून त्यांच्या गाडीत ठेवलं. तिने डोळे उघडले होते. एक जवान बाहेर आला, हातात तो अलार्म, मागचं झाकण उघडं.

“अलार्म होता म्हणजे घरात,” तो दुसऱ्याला म्हणाला. “बॅटरी बापाच्या उशाशी पडलीय, त्यानेच काढून ठेवलीय. आता काय बोलायचं! स्वतःच्या हाताने.” मग वेंडेलकडे वळला. “तुम्ही बसवाले ना? पोरगी वाचली ती तुमच्यामुळे.”

वेंडेलला काहीच बोलायची गरज नव्हती. सगळं जागच्या जागी बसलं होतं, परवानगी कुणी विचारणार नव्हतं, मेलेला माणूस उत्तर देणार नव्हता. गाडीतून डेलिया त्या जवानाकडे बघत होती. बाप हा शब्द तिने ऐकला होता.

“त्याने नाही,” वेंडेल म्हणाला. “धुराडं मी पाडलं.”

जवानाने मान वर करून छपराकडे पाहिलं. राखाडी, सलग, स्वच्छ छप्पर होतं.

“कुठलं धुराडं?” त्याने विचारलं.