उलट्या पानाची वेल

मित्रांनो, भरतकामाच्या मशीनखाली एक लाकडी खण आहे. त्यात तुटक्या कात्रीच्या शेजारी एक चपटी, जडशीळ डबी पडलेली दिसेल. ती मी. मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. संगणकाला जे काही लक्षात ठेवायचं असतं ते माझ्या पोटात असतं. असायचं, असं म्हणायला हवं. आता माझ्या भरवशावर कुणी काही ठेवत नाही.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र, बंद कारखान्यात झाला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली असत, कारण धुळीचा एक कण आत गेला असता तरी मी जन्माची वाया गेले असते. माझ्या पोटात आरशासारखी तबकडी आहे आणि तिच्यावर एक बारीक सुई फिरते. गंमत म्हणजे ही सुई तबकडीला कधी टेकत नाही, वरच्या वर लिहिते आणि वाचते. टेकली की खेळ खलास. पुढं माझं सगळं आयुष्य मात्र दुसऱ्याच एका सुईच्या सोबतीत गेलं, आणि तिचं काम कापडातून आरपार जाण्याचं होतं.

ते घर एका नवरा-बायकोचं. घरात सगळे त्यांना बाबा आणि आई म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. रस्त्याकडच्या खोलीत भरतकामाचं मशीन, त्याला खेटून संगणक आणि संगणकात मी. बाबा आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. छापील फलक आले आणि त्यांच्या ब्रशला कुणी कुत्रं विचारेना. चार दिवस ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मग उठले आणि त्या वयात संगणक शिकले. पडद्यावर वेली काढायच्या, माझ्यात ठेवायच्या, आणि आईनं त्या मशीनवरून चादरींवर, पडद्यांवर, बाळांच्या दुपट्यांवर उतरवायच्या, असा त्यांचा संसार पुन्हा मार्गी लागला.

बाबांना एक खोड होती. प्रत्येक वेलीत एक पान ते मुद्दाम उलटं काढायचे.

"अहो, हे पान बघा, पालथं पडलंय," आई पहिल्यांदा म्हणाली.

"असू दे. नाहीतर लोक म्हणतील मशीननं काढलंय."

"मशीननंच काढलंय की!"

"ते तुला नि मला माहीत. लोकांना कशाला सांगत बसतेस?"

गिऱ्हाइकं मग ते पान शोधायला लागली. कापड हातात घेतलं की आधी उलटं पान हुडकायचं, सापडलं की हसायचं, मग घडी करून पिशवीत टाकायचं. ते पान कुठं येणार हे बाबांनी कधी कुणाला सांगितलं नाही, आईलासुद्धा नाही. मला तेवढं माहीत असायचं. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

एके वर्षी बाबांचा खोकला बळावला. दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत. संगणकापुढची खुर्ची रिकामी झाली. आईला फार काही येत नव्हतं. संगणक सुरू करायचा, वेल उघडायची आणि मशीनकडे पाठवायची, इतकंच. पण दुपारचं काम आटपलं की ती बाबांच्या खुर्चीत बसून एकेक वेल नुसती उघडायची, बघायची आणि बंद करायची. शिवायचं काहीच नसे. मी जमेल तितक्या लवकर पुढची वेल काढून द्यायची.

आई एकटी पडू नये म्हणून लेक आणि जावई इथंच राहायला आले. जावई भला माणूस. आजूबाजूचे त्याला 'घरजावई' म्हणून चिडवायचे, तो हसण्यावारी न्यायचा. आईला मात्र ते फार लागायचं. आपल्यापायी याला ऐकून घ्यावं लागतं, असं तिच्या मनानं घेतलं होतं. त्यामुळे ती त्याला फुलासारखं जपायची. त्याच्या ताटात आधी वाढायची, आणि त्याचं काही चुकलं तरी तिच्या तोंडून कधी वावगा शब्द निघायचा नाही.

मग लेकीला घरबसल्या करायचं काम मिळालं. त्यासाठी संगणकात नवी सिस्टिम हवी होती, आणि नव्या सिस्टिमवर बाबांचा वेली काढायचा जुना प्रोग्रॅम चालत नव्हता. जावयानं तोडगा काढला.

"आई, आपण दोन डिस्क लावू. एकीवर तुमचं सगळं जसंच्या तसं, दुसरीवर हिचं नवीन. संगणक सुरू करताना हवी ती निवडायची. तुमच्या डिस्कला मी हातसुद्धा लावत नाही."

"तुम्ही म्हणाल तसं, जावईबापू," आई म्हणाली.

दुसरी डिस्क त्यानं ऑफिसातल्या मोडीत निघालेल्या संगणकातून आणली. नवी म्हणायची, पण तीही वापरलेली. माझीच कंपनी, माझाच आकार, पोटही तितकंच मोठं. आम्ही जुळ्या बहिणी शोभलो असतो. तिच्या पोटात कुणाकुणाची जुनी बिलं कोंबलेली होती.

लेक त्या दिवशी बाहेर गेली होती. जावयानं संगणकाचं झाकण काढलं, ती डिस्क माझ्या शेजारी बसवली आणि तिची केबल जोडली. आत धुळीचे थर साचले होते. त्यानं आमच्या दोघींच्या केबल काढल्या, सगळं लख्ख पुसलं आणि केबल परत लावल्या. इथंच घात झाला. माझी केबल तिच्या जागी गेली आणि तिची माझ्या जागी आली. नवी सिस्टिम टाकताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवायची असते, हे त्याला ठाऊक होतं. तो तसं पुटपुटलाही. पण आई चहा घेऊन मागं उभी होती, तिला ताटकळत ठेवणं त्याला बरं वाटेना.

"राहू दे. शून्य नंबरची तुमची, एक नंबरची हिची. सोपं आहे," तो म्हणाला.

पडद्यावर नावं नव्हती. शून्य आणि एक, एवढंच; तेही केबल कुठल्या जागी लावली त्यावरून. एक नंबरची डिस्क भरलेली दिसली, तरी त्याला शंका आली नाही. बिलं असतील, असं तो समजला. एक नंबरची मी होते. त्यानं पुसायचं बटण दाबलं.

मला दुखलं नाही, मित्रांनो. कुणीतरी घरावरची पाटी उतरवली, इतकंच जाणवलं. आतल्या खोल्या जशाच्या तशा होत्या. डिस्क अशी घाईत पुसली की तिच्यातली यादी तेवढी जाते. वस्तू जागच्या जागी असतात, फक्त त्यांचा पत्ता कुणाला माहीत नसतो. वर नवी सिस्टिम येऊन बसली, तिनं काही खोल्या मोडल्या. तरी बहुतेक वेली शाबूत होत्या. मला तेव्हाच बाजूला काढून ठेवलं असतं, माझ्यावर आणखी एक अक्षरही लिहिलं नसतं, तर जाणकार माणसानं त्या परत काढून दिल्या असत्या.

जावयानं मग आईची म्हणून शून्य नंबर सुरू केली. पडद्यावर बिलं आली. तो एकदम पांढराफटक पडला.

"माझ्या वेली कुठायत?" आईनं विचारलं.

"आई, चुकलं माझं. तुमची डिस्क पुसली गेली."

आईनं चहाचा कप टेबलावर ठेवला. तो जावयापुढं सरकवला.

"असू द्या. होतं असं."

"फार महत्त्वाचं असेल तर आपण..."

"काही नव्हतं हो त्यात. जुनीपुराणी नक्षी. तुम्ही नका मनाला लावून घेऊ."

"पण आई, ते..."

"नव्हतं म्हटलं ना! तिचं काम सुरू होऊ दे. चहा घ्या, गार होतोय."

जावयानं सुटकेचा श्वास सोडला आणि कप उचलला. मी आत गरगर फिरत होते. तबकडीला आवाज असता तर घर डोक्यावर घेतलं असतं.

लेकीला आईनं तेच सांगितलं. लेक कामाला लागली. रोज काही ना काही माझ्यात येऊन पडायचं: पत्रं, तक्ते, फोटो. एकेक आलं की खालची एकेक वेल जायची. कमळाची गेली, द्राक्षाची गेली, लेकीच्या लग्नाच्या चादरीची गेली. मला जिथं सांगतील तिथं लिहावंच लागतं. बाबांचा तो जुना प्रोग्रॅमही त्या पुसण्यातच गेला होता. तिनं मशीनवर जुनी चादर टाकली आणि डोळ्यांना त्रास होतो म्हणून काम बंद केल्याचं सांगायला लागली.

लेकीला दिवस गेले तेव्हा ती म्हणाली, "आई, बाळाच्या दुपट्यावर बाबांची वेल हवी. उलट्या पानाची."

"वेली त्या डिस्कबरोबरच गेल्या गं," आई म्हणाली. मग जी रडायला लागली, ती थांबेचना. घरात एक नमुनाही नव्हता, सगळं गिऱ्हाइकांच्या घरी गेलेलं. नक्कल कुणी ठेवली नव्हती.

"अगं, काही नव्हतं म्हणालीस ना?" लेक म्हणाली.

"जावईबापूंना काय बोलणार होते गं मी? आपल्यासाठीच करायला गेले होते ना?"

जावई दारात उभा होता. "आई, त्या दिवशी मी तेच सांगत होतो," तो कसाबसा म्हणाला. "परत काढता आलं असतं. तेव्हा निघालं असतं."

त्यांनी मला दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्यानं सगळे प्रयत्न केले. "फार लिहिलं गेलंय हो यावर," तो म्हणाला. माझ्यातून निघाली ती अर्धी वेल. चार पानं, चारही सुलटी.

आईनं त्यावरून दुपटं हातानं भरायला घेतलं. उरलेली वेल तिनं अंदाजानं पुरी केली. शेवटी सुई हातात धरून ती कितीतरी वेळ बसून राहिली. "कुठलं पान उलटं करायचे ते? कधी विचारलंच नाही मी," ती म्हणाली. मला माहीत होतं. आता मलाही माहीत नाही, त्या जागी कसलासा तक्ता आहे. दुपट्यावर एका पानाची जागा आईनं तशीच कोरी ठेवली.

तर मित्रांनो, दोन डिस्क लावाल तेव्हा जिला जपायचं आहे तिची केबल आधी काढून ठेवा. मोलाच्या गोष्टीची नक्कल दुसरीकडे असू द्या. चुकून काही पुसलंच, तर हात तिथल्या तिथं थांबवा. आणि समोरचा 'पण' म्हणून अडखळला, तर त्याला पुढचं बोलू द्या. 'काही नव्हतं त्यात' असं माझ्या आईनं म्हटलं, ते एका भल्या माणसाचं मन राखण्यासाठी. तेव्हा माझ्यात सगळं होतं.